घड्याळाच्या काट्यावरचे आयुष्य

शास्त्रज्ञ म्हटला की विस्कटलेले केस, जेवणाखाण्याची शुद्ध नसणे आणि घरादाराकडे फिरवलेली पाठ असे चित्र सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. प्रतिभेचे आणि नियमितपणाचे मुळी सख्यच नसते, असा समज त्यामागे असतो. विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाची सर्वांत मोठी उलथापालथ ज्यांच्या लेखणीतून सुरू झाली, ते मॅक्स प्लांक या चित्रात कोठेच बसत नाहीत. काळा कोट, ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपणारे व्याख्यान, दुपारची विश्रांती, नेमाचा फेरफटका, पियानो, सुटीत डोंगर आणि घरी पत्नी व मुले. बाहेरून पाहणाऱ्याला हे एखाद्या सरकारी खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे आयुष्य वाटले असते. एका अर्थी ते तसे होतेही, कारण जर्मनीतील विद्यापीठाचा प्राध्यापक हा राज्याचा सेवकच असे. या आयुष्याने जगाला पुंज सिद्धांत दिला. त्याच आयुष्याने एकामागून एक चार अपत्यांचे मृत्यू पाहिले. आणि १९३३ साली त्याच आयुष्यापुढे असा एक प्रश्न उभा राहिला, की ज्याचे उत्तर नियमितपणापाशी नव्हते.

विनावेतन पाच वर्षे

प्लांक यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कील येथे झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक, आजोबा आणि पणजोबा ईश्वरशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे विद्वत्ता आणि राजनिष्ठा या दोन्ही गोष्टी घरातच मुरलेल्या. १८६७ साली कुटुंब म्यूनिकला आले. शाळेत मॅक्स हुशार विद्यार्थ्यांत गणला जाई, पण असामान्य म्हणून कोणी त्याच्याकडे बोट दाखवले नाही. संगीतात मात्र त्याची गती इतकी होती, की पुढे संगीताचाच व्यवसाय करावा की काय, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. अखेर त्याने पदार्थविज्ञान निवडले. म्यूनिकचे प्राध्यापक फिलिप फॉन योली यांनी या तरुणाला सावध केले होते. पदार्थविज्ञानाची इमारत जवळजवळ पुरी झाली असून आता कोपऱ्यातली धूळ झटकण्यापलीकडे फारसे काम उरलेले नाही, असे त्यांचे मत होते. प्लांक यांना त्याची खंत वाटली नाही. नवे शोध लावण्याची त्यांची महत्त्वाकांक्षाच नव्हती. जे पायाभूत आहे ते नीट समजून घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

१८७९ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमावर होता. तो फारसा कोणी वाचला नाही. १८८० पासून पाच वर्षे त्यांनी म्यूनिक विद्यापीठात अशा पदावर शिकवले, ज्याला पगार नव्हता. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जे मिळेल ते, आणि राहणे आईवडिलांच्या घरी. सुशिक्षित तरुणाला पंचविशी उलटल्यावरही घरच्यांवर अवलंबून राहावे लागणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या अनेक तात्पुरत्या अध्यापकांना सांगावयास नको. १८८५ साली कील येथे पगाराची जागा मिळाली, तेव्हा कुठे त्यांना लग्नाचा विचार करता आला. १८८७ च्या मार्चमध्ये म्यूनिकच्या एका बँकरची कन्या मारी मेर्क हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८८ साली थोरला कार्ल, १८८९ साली एम्मा आणि ग्रेटे या जुळ्या मुली आणि १८९३ साली एर्विन, अशी चार मुले झाली.

दरम्यान १८८७ साली बर्लिनचे विख्यात प्राध्यापक किरखोफ निवर्तले. त्यांची जागा प्रथम बोल्ट्झमन आणि हर्ट्झ यांच्यापुढे ठेवली गेली. दोघांनीही ती नाकारल्यावर ती प्लांक यांच्याकडे आली. १८८९ साली ते बर्लिनला आले, १८९२ साली पूर्ण प्राध्यापक झाले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

वर्ग, परीक्षा आणि एक रविवार

बर्लिनमधील त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. सकाळ लेखनाची आणि व्याख्यानांची. सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचा सगळा अभ्यासक्रम ते सहा सत्रांच्या, म्हणजे तीन वर्षांच्या चक्रात शिकवीत आणि चक्र पुरे झाले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. हातात टिपण न घेता, न अडखळता ते बोलत. ही व्याख्याने पुढे पाच खंडांत प्रसिद्ध झाली. शिवाय उदाहरणे सोडवून घेण्याचा तास, परीक्षा, प्रबंधांचे परीक्षण, शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादनाचे काम आणि विज्ञान अकादमीच्या बैठका. यातले काहीही त्यांनी संशोधनाच्या आड येणारी पीडा मानले नाही. १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीतील एका अनोळखी तरुणाचा सापेक्षतेवरील लेख त्यांच्या नियतकालिकात आला, तेव्हा त्याचे मोल ओळखून त्यावर भाषण देणाऱ्या पहिल्या काही जणांत प्लांक होते. आईनस्टाईन यांना पुढे बर्लिनला आणण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

१८९५ च्या सुमारास त्यांनी हाती घेतलेला प्रश्न वरवर पाहता साधा होता. लोखंड तापवले की ते आधी लाल होते, मग पिवळे आणि शेवटी पांढरे. बंद भट्टीच्या पोकळीत जे प्रारण भरून राहते, त्यातील ऊर्जा निरनिराळ्या तरंगलांबींवर कशी वाटली जाते? हे वाटप भट्टी कशाची बनली आहे यावर अवलंबून नसते, केवळ तापमानावर असते, हे किरखोफ यांनी पूर्वीच दाखवले होते. सर्वत्र सारखा असणारा असा नियम म्हणजे प्लांक यांच्या स्वभावाला आवडणारी गोष्ट. विल्हेल्म वीन यांनी १८९६ साली एक सूत्र मांडले होते आणि ते लघू तरंगलांबींना चांगले लागू पडत होते.

१९०० च्या ऑक्टोबरमधील एका रविवारी हाइनरिख रुबेन्स हे प्रयोगकर्ते सपत्नीक प्लांक यांच्या घरी भेटीला आले. गप्पांच्या ओघात त्यांनी सांगितले, की दीर्घ तरंगलांबींवर केलेल्या नव्या मोजमापांत वीन यांचे सूत्र चुकते आहे. तेथे ऊर्जा तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढते आहे. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी प्लांक यांनी दोन्ही टोकांना जुळणारे सूत्र शोधून काढले आणि पोस्टकार्डावर लिहून रुबेन्स यांना कळवले, अशी हकीकत आहे. १९ ऑक्टोबरला ते विद्वानांपुढे मांडले गेले आणि मोजमापांशी तंतोतंत जुळले.

दुसरा एखादा येथेच थांबला असता. पण जुळणारे सूत्र म्हणजे समजलेले सूत्र नव्हे, हे शिकवण्यात ज्याची हयात जात होती, त्या प्राध्यापकाला स्वस्थ बसवेना. पुढचे आठवडे त्यांनी अविश्रांत परिश्रम केले. अखेर बोल्ट्झमन यांची जी संभाव्यतेवर आधारलेली पद्धत त्यांना वर्षानुवर्षे अमान्य होती, तिचाच त्यांना आधार घ्यावा लागला. ऊर्जा अखंड धारेसारखी न मानता ठरावीक आकाराच्या पुंजांची बनलेली मानली आणि प्रत्येक पुंजाचा आकार कंप्रतेच्या, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या, प्रमाणात धरला, तरच ते सूत्र सिद्ध होत होते. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनच्या जर्मन पदार्थविज्ञान परिषदेत त्यांनी ही मांडणी वाचली. पुंज सिद्धांताचा जन्मदिवस म्हणून आज हाच दिवस सांगितला जातो. प्लांक यांना स्वतःला मात्र ही कल्पना पचायला जड गेली. जुन्या विज्ञानाच्या चौकटीत ती बसवण्यासाठी त्यांनी पुढे अनेक वर्षे खटपट केली आणि ती फळाला आली नाही. क्रांती करणारा हा माणूस क्रांतिकारक वृत्तीचा मुळीच नव्हता. आपल्या गणिताने जे सांगितले ते नाकारायचे नाही, एवढाच त्यांचा बाणा होता.

ग्रूनेवाल्डमधील घर

पुढे प्लांक कुटुंब बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड या उपनगरात राहू लागले. शेजारी इतिहासकार डेल्ब्रुक आणि ईश्वरशास्त्रज्ञ हार्नाक यांची घरे होती. वर्गात अबोल आणि दूरस्थ वाटणारे प्राध्यापक घरी निराळे असत. त्यांच्याकडे समूहगायन चाले आणि त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलेही असत; तरुण रसायनशास्त्रज्ञ ओटो हान हेही तेथे गायला येत. आईनस्टाईन यांच्या व्हायोलिनला प्लांक पियानोवर साथ करीत. बागेत पकडापकडीचा खेळ रंगला की पन्नाशीचे प्राध्यापक धावून कोणाला तरी पकडीत आणि त्यांना मनापासून आनंद होई, अशी आठवण लीझे माइटनर यांनी नोंदवली आहे.

याच माइटनर यांच्या निमित्ताने प्लांक यांचा आणखी एक पैलू दिसतो. स्त्रियांनी विद्यापीठात शिकावे का, या प्रश्नावर १८९७ साली त्यांनी प्रतिकूल मत दिले होते. अपवाद म्हणून एखादीला मुभा असावी, पण तो नियम होऊ नये, असे ते म्हणत. १९०७ साली व्हिएन्नाहून आलेल्या माइटनर यांना त्यांनी आपल्या वर्गात बसू दिले आणि १९१२ साली स्वतःची सहायक म्हणून नेमले. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्याचे ते काम हीच माइटनर यांची पहिली पगारी नोकरी. प्लांक यांची मते हळूहळू बदलत. पण समोर पुरावा उभा राहिला की ती बदलत.

घराचा कारभार त्या काळच्या रीतीप्रमाणे मारी यांच्याकडे होता. १९०९ च्या ऑक्टोबरात त्या वारल्या. दीड वर्षाने, मार्च १९११ मध्ये, प्लांक यांनी मारी यांच्याच नात्यातील मार्गा फॉन ह्योसलिन यांच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षअखेरीस हेरमान हा मुलगा झाला. घर पुन्हा उभे राहिले आणि दिनक्रम पुन्हा सुरू झाला.

एकामागून एक

१९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मनीच्या लष्करी कृतीचे समर्थन करणाऱ्या त्र्याण्णव विद्वानांच्या जाहीरनाम्यावर प्लांक यांची सही होती. दोन वर्षांनी डच शास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी त्या भूमिकेला मुरड घातली. तोवर युद्ध त्यांच्या उंबऱ्याच्या आत आले होते. धाकटा एर्विन फ्रेंचांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला होता. १९१६ च्या मे महिन्यात कार्ल व्हर्डनच्या रणभूमीवर मारला गेला. कार्लला आयुष्यात आपली वाट लवकर सापडली नव्हती आणि त्याबद्दल वडील नाराज असत. तो गेल्यावर प्लांक यांनी लोरेन्ट्झ यांना कळवले, की या युद्धावाचून आपल्याला आपल्या मुलाची किंमत कधी कळली नसती आणि आता कळली आहे तेव्हा तो राहिलेला नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका अचूक तपासणाऱ्या बापाचा घरातला अंदाज चुकला होता.

१९१७ च्या मे महिन्यात हायडेलबर्गला ग्रेटे बाळंतपणानंतर वारली. बाळाला सांभाळायला जुळी बहीण एम्मा गेली. १९१९ च्या जानेवारीत तिने त्याच घरात, बहिणीच्या पतीशी, विवाह केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तीही बाळंतपणातच गेली. दोन्ही खेपेस मूल वाचले, आई गेली. एम्माच्या मृत्यूच्या काही दिवस आधीच प्लांक यांना १९१८ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते.

या काळातील त्यांच्या खाजगी पत्रांतून जगण्याच्या मोलाविषयीच शंका डोकावते. पण विद्यापीठात तास चुकला नाही आणि अकादमीतले काम अडले नाही. भावना नसलेला माणूस म्हणून याकडे पाहणे अन्यायाचे होईल. ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे, त्याला रोजच्या कामाची चाकोरी हाच एक आधार उरतो, हे ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे त्यांना ठाऊक असते. युद्धानंतर देश उपाशी होता आणि प्रयोगशाळा ओस पडल्या होत्या. संशोधनासाठी निधी जमवणाऱ्या नव्या संस्थेच्या उभारणीत प्लांक पुढे होते. चलनवाढीच्या १९२३ सालात एका प्रवासात खिशातल्या नोटांत हॉटेलची खोली परवडेना, म्हणून या पासष्ट वर्षांच्या नोबेल विजेत्याने स्टेशनच्या प्रतीक्षालयात रात्र काढली.

त्यांच्या सूत्राची वाट मात्र आता दूरवर गेली होती. १९२४ साली ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस या तरुण अध्यापकाने ते सूत्र पूर्णपणे नव्या रीतीने सिद्ध केले. वर्गात ते शिकवताना जुन्या सिद्धतेतील विसंगती बोस यांना खटकली होती. एका शिक्षकाच्या असमाधानातून निघालेले सूत्र दुसऱ्या शिक्षकाच्या असमाधानामुळे पुढे गेले.

नियम कोणाचा?

१९३० साली, निवृत्तीनंतर, प्लांक कैसर विल्हेल्म संस्थेचे अध्यक्ष झाले. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलमध्ये ज्यू नोकरांना सरकारी सेवेतून काढणारा कायदा झाला. आयुष्यभर ज्या राज्याची सेवा केली, त्या राज्याचाच हा हुकूम होता. काही सहकाऱ्यांनी सामुदायिक निषेधाची कल्पना मांडली. आज तीस प्राध्यापक उभे राहिले तर उद्या त्यांच्या जागा मागायला दीडशे येतील, असे सांगून प्लांक यांनी त्यांना परावृत्त केले. मे महिन्यात ते स्वतः हिटलरला भेटले आणि ज्यू शास्त्रज्ञांच्या वतीने बोलू पाहिले. हिटलर संतापला आणि भेट निष्फळ ठरली. आईनस्टाईन यांनी अकादमीचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांची गणना केप्लर आणि न्यूटन यांच्या पंक्तीत होईल, असे प्लांक यांनी बैठकीत नोंदवून ठेवले. पण आईनस्टाईन यांनी आपल्या राजकीय वागण्याने अकादमीत राहणे अशक्य करून घेतले, असेही त्यांनी त्याच वेळी म्हटले. समारंभांत नव्या राजवटीची सलामी देण्यासाठी त्यांचा हात अडखळत का होईना, पण वर गेला.

अगदीच गप्प ते राहिले नाहीत. १९३४ साली परागंदा अवस्थेत वारलेले रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्स हाबर यांची स्मृतिसभा त्यांनी २९ जानेवारी १९३५ रोजी भरवली. विद्यापीठातील लोकांना सरकारने हजर राहण्यास बंदी केली, तेव्हा अनेक प्राध्यापकांच्या जागी त्यांच्या पत्नी येऊन बसल्या. ही सभा धैर्याची होती यात शंका नाही. तरीही प्रश्न उरतो. आपण जागेवर टिकून राहिलो तर वादळ ओसरल्यावर विज्ञान तरी शाबूत राहील, हा प्लांक यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकला. ज्यांना जावे लागले त्यांच्याबरोबर विज्ञानही गेले. आणि जे राहिले त्यांच्या उपस्थितीने राजवटीला प्रतिष्ठा मिळाली. नव्या सत्ताधाऱ्यांशी झगडण्याची उमेद पंचाहत्तरीच्या माणसाकडून धरावी का, असे कोणी म्हणेल. पण अडचण केवळ वयाची नव्हती. नियम पाळणे हा ज्याचा धर्म, त्याला नियम करणाराच अधर्मी निघाला तर काय करावे, हे त्याच्या चाकोरीत कोठेही लिहिलेले नसते.

त्याची किंमत त्यांच्याच घराने मोजली. १९४४ च्या फेब्रुवारीत बॉम्बवर्षावात ग्रूनेवाल्डचे घर जळाले. ग्रंथ, पत्रे, रोजनिशा सारे गेले. त्याच वर्षी २० जुलैला हिटलरच्या हत्येचा प्रयत्न फसल्यावर तीन दिवसांनी एर्विनला अटक झाली. पहिल्या संसारातील हे एकच मूल आता उरले होते आणि तो वडिलांचा सर्वांत जवळचा मित्रही होता. ऑक्टोबरात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. सहाऐंशी वर्षांच्या बापाने हिटलरला पत्र लिहून, आपल्या आयुष्यभराच्या कार्याबद्दलची देशाची कृतज्ञता म्हणून मुलाचा जीव मागितला. २३ जानेवारी १९४५ रोजी एर्विनला फाशी देण्यात आली.

युद्ध संपले तेव्हा प्लांक पतीपत्नी एल्ब नदीकाठच्या एका गावी आश्रयाला होते. लढाई जवळ आली तेव्हा मणक्याच्या विकाराने वाकलेल्या त्या वृद्धाला रानातही दिवस काढावे लागले. अमेरिकनांनी त्यांना गटिंगेनला पोहोचवले. तेथे सत्त्याऐंशी वर्षांचे प्लांक पुन्हा कामाला लागले. ओटो हान परत येईपर्यंत त्यांनी मोडकळलेल्या संस्थेचे अध्यक्षपद तात्पुरते सांभाळले. १९४६ साली लंडनला न्यूटन यांच्या जन्मत्रिशताब्दीचा समारंभ झाला, त्याला जर्मनीतून त्यांना निमंत्रण होते आणि ते गेले. ४ ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्या संस्थेने नव्या रूपात त्यांचेच नाव धारण केले. गटिंगेनच्या दफनभूमीत त्यांच्या साध्या शिळेवर नावाखेरीज त्यांच्या स्थिरांकाचा आकडा तेवढा कोरलेला आहे.

वेळेवर वर्गात जाणाऱ्या शिक्षकाला किंवा नेमाने कचेरीची पायरी चढणाऱ्या कारकुनाला आपले आयुष्य अनेकदा सामान्य, म्हणून निष्फळ वाटते. प्लांक यांचे चरित्र त्याला धीर देते. शांतपणे, वर्षानुवर्षे केलेल्या कामातून जगाची समजूत बदलू शकते आणि अपार दुःखात तेच काम माणसाला सावरते. पण या चरित्राचा दुसरा अर्धा भाग झाकून ठेवता येणार नाही. सूत्र चुकते आहे असे मोजमापांनी सांगितले, तेव्हा आयुष्यभराची समजूत बाजूला ठेवण्याचे धैर्य प्लांक यांनी १९०० साली दाखवले. राज्य चुकते आहे असे डोळ्यांदेखत दिसत असताना तेच धैर्य १९३३ साली पुरेसे पडले नाही. ज्या माणसाने विज्ञानात पुराव्यापुढे सवयीला हार मानायला लावली, त्यालाही नागरिक म्हणून ते साधले नाही. तेव्हा ते किती अवघड आहे, हे उघड आहे. अवघड आहे म्हणून त्याची जबाबदारी मात्र कमी होत नाही.